दवंडी, भोंगा आणि मोटार

वणी हे जुने नाव मागे पडून १९०५ साली या जिल्ह्याच्या दप्तरांवर यवतमाळ हे नाव चढले, त्या काळी वऱ्हाडच्या रयतेपर्यंत सरकारी हुकूम पोहोचे तो कोतवालाच्या कंठातून. डफावर थाप देऊन पांढरीतील आळीआळीने दवंडी पिटणाऱ्या त्या माणसाचा आवाज जिथे विरून जाई, तिथे हुकुमाचीही हद्द संपे. ही हद्द तांब्याच्या तारेने पुढे सरकविली, आणि ती कथा मला मोठी हृद्य वाटते, कारण तिच्यात भोंगा आणि मोटार ही सख्खी भावंडे ठरतात.

चुंबकाच्या सान्निध्यात प्रवाह वाहणारी तार हलू लागते, हे फॅरडेने १८२१ साली ती तार चुंबकाभोवती फिरवून सिद्ध केले, तेव्हाच मोटारीचे बीज पडले. १९१५ साली कॅलिफोर्नियात जेन्सन आणि प्रिडहॅम यांनी तारेचे वेटोळे चुंबकाच्या फटीत ठेवून, पातळ पडद्याला जोडून, वर कर्णा बसविला, तेव्हा गरगर फिरण्याऐवजी पुढेमागे थरथरणारी मोटारच त्यांनी बोलती केली. लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी याच जिल्ह्यातील पुसदला जंगल सत्याग्रह केला, त्या दशकात मुंबईच्या ‘शिकागो रेडिओ’ पेढीचे नानिक मोटवाने काँग्रेसच्या सभांना ध्वनिवर्धक पुरवीत होते. यथावकाश कर्णा उत्सवांच्या मंडपांवर चढला, आणि यवतमाळच्या दुर्गोत्सवाची ख्याती तर सर्वश्रुतच आहे.

विहिरीवरची जळालेली मोटार पुन्हा गुंडाळणारा वायंडिंगवाला आणि भोंग्याचे युनिट उघडून त्याचा डायफ्रॅम बदलणारा कारागीर, या दोघांच्या हाती तीच रोगण चढविलेली तांब्याची तार असते. म्हणूनच खेळण्यातल्या गाड्यांची चाके फिरविण्यासाठी विद्यार्थी वापरतात ती एल२९८ नावाची मोटर ड्रायव्हर चिप भोंग्याला जोडणे, हे मला विक्षिप्तपणाचे न वाटता, दुरावलेल्या भावंडांची भेट घडविल्यासारखे वाटते. ४६ व्होल्टपर्यंतचा दाब आणि २ अँपिअरचा प्रवाह पेलणाऱ्या या चिपमध्ये चार-चार स्विचांचे दोन ‘पूल’ असतात. पुलातील तिरक्या जोड्या आलटूनपालटून चालविल्या की प्रवाह उलटतो, आणि ही उलटापालट सेकंदाला पंचवीस हजार वेळा करून सुलट व उलट काळाचे प्रमाण आवाजाच्या लहरीबरहुकूम बदलत ठेवले, म्हणजे पडदा त्या लहरीमागोमाग हलू लागतो. दोन्ही काळ समान असता पडदा मध्यावर स्थिर राहतो; मात्र प्रवाह एकाच दिशेने वाहत राहिला तर वेटोळे तापून जळते, ही दक्षता कारागिराने घ्यावयाची.

या चिपची गती चाळीस हजारांपलीकडे जात नाही, याच पद्धतीने चालणाऱ्या खऱ्या ध्वनिवर्धक चिपा मात्र सेकंदाला लाखो वेळा उलटतात. त्यामुळे सतारीचे सूक्ष्म झंकार तिच्याकडून मागू नयेत. मनुष्याचे बोलणे मात्र दूरध्वनीवर चार हजारांच्या आतल्या कंपनांतही स्पष्ट कळते, आणि कोतवालाची दवंडी ही चिप सुखाने पेलू शकते.