खडीचा रस्ता

१९७२ च्या दुष्काळात आमच्या गावाचा रस्ता झाला. आईनं त्यावर खडी फोडली. कामावर सुकडी मिळायची. डांबर मात्र पुढं कित्येक वर्षं पडलं नाही. त्या रस्त्यानं दादांची जीप यायची, ती दिसायच्या आधी ऐकू यायची. ब्रेक दाबला की चाकं किंचाळायची. "खडी खाल्लीय गाडीनं," दादा म्हणायचे.

ब्रेकच्या ड्रममध्ये कच आणि फुफाटा शिरून लायनरवर बसायचा. मग दादा चाक खोलत, ड्रम काढत, आतली भुकटी तोंडानं फुंकत आणि लायनर पॉलिश पेपरनं घासत. चार दिवस आवाज बंद. लायनर रिव्हेटपर्यंत झिजला की मात्र किंचाळणं जाऊन खरखर सुरू व्हायची. खरखर ऐकली की घाट उतरायचा नाही, हा त्यांचा नियम.

त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ती भुकटी फुप्फुसाला घातक, हे आम्हाला फार उशिरा कळलं. ओल्या फडक्यानं पुसली असती, तर निदान उडाली नसती.

आता रस्ता डांबरी आहे. पण कुठं ब्रेक किंचाळला, की मला दादांचा खोकलाच आठवतो. तो रस्त्याच्या धुळीचा होता की ड्रममधल्या, कोण सांगणार?