झरणीच्या पोटातली शाई

लेखणीचा इतिहास सांगताना आपण बहुधा तिच्या टोकाचाच इतिहास सांगतो. बोरू मागे पडला, टाक आला. टाक मागे पडला, फाउंटन पेन आले, ज्याला शुद्ध मराठीचा आग्रह धरणाऱ्यांनी झरणी असे सुरेख नाव दिले. परंतु टोकाइतकाच महत्त्वाचा प्रश्न लेखणीच्या पोटाचा आहे. शाई कोठे साठवावयाची, ती कोणी तयार करावयाची आणि ती निवडण्याचा अधिकार कोणाचा? आज पेनाच्या दुकानात एखादा ग्राहक ‘कोणता कन्व्हर्टर घेऊ?’ असे विचारतो, तेव्हा तो नकळत याच जुन्या प्रश्नाला हात घालीत असतो. कन्व्हर्टर म्हणजे पेनाच्या आत बसणारी, दट्ट्याने शाई ओढून घेणारी लहानशी नळी. कंपनीची शाईने भरलेली बंद नळी, म्हणजे कार्ट्रिज, जेथे बसते तेथेच ती बसते आणि बाटलीतली आपल्या पसंतीची शाई पेनात घेण्याची सोय करून देते.

हा इतिहास पाहण्यासाठी फार दूर जावयास नको. छिंदवाड्याहून सातपुड्याचा घाट उतरून नागपूरकडे येताना लागणारे सौंसर आणि त्याच्या पश्चिमेचे पांढुर्णा हा मराठी बोलणारा मुलूख घ्या. देवगडच्या गोंड राजांनंतर, अठराव्या शतकाच्या मध्यास, तो नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला. १८५३ मध्ये भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. हा पट्टा मात्र छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात समाविष्ट झाले. राजवटी अशा पालटत गेल्या, आणि त्याच काळात दप्तरातली लिपी, लेखणी आणि शाई हीही पालटली.

भोसल्यांच्या दप्तराची लिपी मोडी, लेखणी बोरूची आणि शाई काजळाची. दिव्याचे काजळ धरावे, ते डिंकाच्या पाण्यात पुष्कळ वेळ घोटावे आणि दौतीत भरावे, अशी ही घरगुती कृती. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. लेखन ही किती काळजीपूर्वक करावयाची गोष्ट मानली जात असे, ते त्यावरून ध्यानात यावे. काजळ म्हणजे कोळशाचे सूक्ष्म कण. त्यांचा रंग उन्हाने उडत नाही व काळाने फिकट होत नाही. म्हणून त्या काळचे कागद, ओलाव्यापासून आणि वाळवीपासून वाचले असतील तर, आजही काळेभोर अक्षर दाखवितात.

दुसरी शाई हिरड्याची. सातपुड्याच्या रानात हिरडा पिकतो आणि चामडे कमावण्यासाठी त्याचा पूर्वापार उपयोग होत आला आहे. हिरड्याच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, मिसळला की काळपट शाई तयार होते. लिहिताना ती फिकी दिसते. परंतु हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन कागदावर काळी होत जाते आणि कागदाच्या तंतूंत मुरते. या दोन्ही शायांचे एक वैशिष्ट्य समान होते : त्या लिहिणाऱ्याच्या घरी किंवा गावात बनत. शाई कोणती वापरावी, हे लिहिणाराच ठरवीत असे.

फाउंटन पेन आले आणि हे चित्र बदलले. १८८४ मध्ये अमेरिकेत लुईस वॉटरमन याने आपल्या पेनाचे पेटंट घेतले. निबेखाली जी जीभ असते, तिच्यातील बारीक खाचांतून शाई केशाकर्षणाने खाली यावी आणि तितकीच हवा उलट पोटात जावी, हे त्यातील मर्म. या केसासारख्या खाचांत काजळाचे कण आणि डिंक साचले, की पेन बंद पडते. हिराकसाची शाई आम्लधर्मी. ती पोलादी निब खाऊन टाकी, आणि उत्तम पेनांना सोन्याची निब बसविण्याचे हेही एक कारण होते. परिणामी फाउंटन पेनासाठी पाण्यात पूर्ण विरघळणाऱ्या रंगांची शाई प्रचारात आली. ती प्रवाही व स्वच्छ खरी, परंतु बहुधा पाण्याने पसरणारी आणि प्रकाशाने फिकट होणारी. शिवाय ती घरी घोटता येईना. शाई घरातून कारखान्यात गेली.

आता पोटाची कथा. पहिली पेने ड्रॉपरने भरीत. टोपण काढावे, पेन उघडावे, पोकळ नळीत शाईचे थेंब सोडावे. पोट मोठे, शाई पुष्कळ. दोष एकच : पेन अर्धे रिकामे झाले, की आतील हवा हाताच्या उष्णतेने प्रसरण पावते, शाईला खाली ढकलते आणि कागदावर डाग पडतो. मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो अशा पांढुर्णा-सौंसरच्या मुलखात हा दोष विशेष जाणवणारच. अमेरिकेत वॉल्टर शेफर याने १९०८ मध्ये तरफेने दाबावयाच्या रबरी पिशवीचे पेटंट मिळविले. परंतु उष्णतेत रबर लौकर सडते. जर्मनीत पेलिकन कंपनीने १९२९ मध्ये दट्ट्याचे पेन बाजारात आणले. ते टिकाऊ, पण महाग. आपल्याकडे म्हणूनच साधे, स्वस्त, दुरुस्तीला सोपे असे ड्रॉपरचे पेन पुढे कित्येक दशके टिकून राहिले.

याच काळात शाई आणि पेन हे स्वदेशीचे विषय झाले. राजमहेंद्री येथे के. व्ही. रत्नम यांनी १९३२ मध्ये पेनांचा उद्योग सुरू केला. त्यांनी केलेले पेन जे. सी. कुमारप्पा यांच्या हस्ते गांधीजींकडे पोहोचले आणि जुलै १९३५ मध्ये गांधीजींनी, परदेशी पेनांना हा चांगला पर्याय दिसतो, असे रत्नम यांना कळविले. कुमारप्पांची ग्रामोद्योग संस्था वर्ध्याची, म्हणजे आपल्या या मुलखापासून नागपूरच्या थोडी पलीकडली. इकडे मुंबईत गिरगावात दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ मध्ये शाईची पूड आणि वड्या करण्यास प्रारंभ केला. त्यातूनच पुढे फाउंटन पेनाची ‘कॅमल’ शाई आणि कॅम्लिन हा उद्योग उभा राहिला. बंगालमध्ये १९३४ साली ‘सुलेखा’ शाईचा जन्म झाला. कारखान्यात गेलेली शाई निदान आपल्या देशातील कारखान्यात यावी, हा या सर्वांमागील विचार होता.

युरोप-अमेरिकेत मात्र गोष्टी निराळ्या दिशेने जात होत्या. १९३६ मध्ये फ्रान्समधील वॉटरमन कंपनीने काचेच्या कार्ट्रिजचे पेन काढले आणि १९५० च्या दशकात प्लास्टिकमुळे कार्ट्रिज सर्वत्र पसरले. हात माखत नाहीत, प्रवासात बाटली नको, ही सोय मोठीच. परंतु बहुतेक कंपन्यांनी आपापल्या कार्ट्रिजचे तोंड निरनिराळे ठेविले. ज्याचे पेन, त्याचीच शाई! बोरूच्या काळी कोणतीही दौत कोणत्याही लेखणीला चालत असे. आता लेखणीच आपली दौत ठरवू लागली. यावर उपाय म्हणून कन्व्हर्टर पुढे आला. १९६० मधील ‘पार्कर ४५’ या पेनात कार्ट्रिज आणि कन्व्हर्टर दोन्ही बसत, आणि पुढे हीच पद्धत रूढ झाली. कंपनीच्या नळीत अडकलेला लिहिणारा पुन्हा बाटलीकडे वळू शकला.

तेव्हा निवड कशी करावी? सर्वप्रथम तोंड पाहावे. पार्कर, लामी, पायलट, सेलर, प्लॅटिनम यांचे कन्व्हर्टर आपापल्या मापाचे असतात; पेलिकन, कावेको इत्यादी पेनांना व पुष्कळशा भारतीय पेनांना ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणून ओळखले जाणारे माप चालते. सैल बसणारा कन्व्हर्टर हवा आत घेतो आणि शाई बाहेर सोडतो. घट्ट तोंड जबरीने बसवू गेल्यास जिभेचे टोक मोडते. दुसरे, लांबी : आखूड पेनात नेहमीचा कन्व्हर्टर मावत नाही. तिसरे, शाई किती राहते. साध्या कन्व्हर्टरमध्ये अर्ध्या ते पाऊण मिलिलिटरच्या आसपास शाई मावते. ड्रॉपरच्या पेनात तिच्या कित्येक पट. दिवसभर लिहिणाऱ्याने हा हिशेब करावा. परंतु पोट लहान म्हणून आतील हवाही थोडी, आणि म्हणून उन्हाळ्यात डागही कमी, हा लाभ विसरू नये. चौथे, नळी पारदर्शक असावी आणि शक्य तर दट्ट्या काढून धुता यावा. काही नळ्यांत एक छोटी गोळी असते. मागे चिकटून राहणारी शाई ती हलवून पुढे आणते. हाताने घडविलेल्या काही भारतीय पेनांत तर ड्रॉपर, कार्ट्रिज आणि कन्व्हर्टर या तिन्ही सोयी एकत्र मिळतात.

यापुढे प्रश्न उरतो तो शाईचा, आणि सर्वांत मोलाचा तोच. आज फाउंटन पेनासाठी मुद्दाम बनविलेल्या लोहयुक्त शाया मिळतात. कोळशाचे अतिसूक्ष्म कण असलेल्या काळ्या शायाही मिळतात. भोसल्यांच्या दप्तरातील काजळाला जी वाट पहिल्या झरणीने बंद केली होती, ती आता पुन्हा उघडली आहे. मात्र बाटलीतली अशी शाई पेनात घ्यावयाची तर दट्ट्याचे पेन, ड्रॉपर किंवा कन्व्हर्टर हवाच. या शाया पेनात वाळू देऊ नयेत. दोन-तीन आठवड्यांनी पेन आणि कन्व्हर्टर साध्या पाण्याने, पाणी निर्मळ येईपर्यंत, धुवावे.

पांढुर्णा-सौंसरच्या मराठी घरांत हे विशेष ध्यानी घ्यावे. तेथे सरकारी कारभार हिंदीत चालतो. घरची मराठी मुख्यतः घरातल्या माणसांच्या हातूनच कागदावर उतरते : पत्र, कुळाची हकीकत, शेताच्या वाटणीची आठवण, आजीने सांगितलेल्या ओव्या. त्यांची दुसरी प्रत कोणत्याही कचेरीत नसते. रोजच्या टिपणाला कोणतीही शाई चालेल. पण जे नातवंडांनी वाचावे असे वाटते, ते पाण्याने न पुसणाऱ्या शाईने लिहावे. कन्व्हर्टर ही तशी क्षुल्लक वस्तू. पण त्या कागदावर कोणती शाई उतरावी हे ठरविण्याची मोकळीक तिच्यामुळे लिहिणाऱ्याच्या हाती राहते.