नांगर, तलवार आणि मतपेटी

१९ नोव्हेंबर १९२८ रोजी उत्तर जर्मनीतील बाइडनफ्लेट या खेड्यात थकलेल्या करापोटी जप्त झालेले बैल नेण्यासाठी सरकारी माणसे आली. शेतकऱ्यांनी वाटेवर पेंढा पेटवला आणि बैल बुजून माघारी पळाले. हे खेडे ज्या श्लेस्विग-होल्श्टाइन प्रांतात होते, तेथे त्याच वर्षीच्या मे महिन्यात नाझी पक्षाला अवघी ४ टक्के मते मिळाली होती. १९३० मध्ये ती २७ टक्के झाली आणि जुलै १९३२ मध्ये ५१ टक्के. जर्मनीच्या ३५ मतदारसंघांपैकी नाझींना निर्विवाद बहुमत देणारा हा एकमेव मतदारसंघ होय.

पोट रिकामे झाले की माणूस हुकूमशहाच्या मागे जातो, हे स्पष्टीकरण आपल्या सर्वांच्या सवयीचे आहे. तीस सालानंतरचे युरोपीय साहित्य शिकवताना आम्हीही ते बिनदिक्कत वापरत आलो. परंतु श्लेस्विग-होल्श्टाइनचा इतिहास बारकाईने पाहिला की हे समीकरण डळमळू लागते.

कील विद्यापीठात अध्यापन करणारे आणि १९३८ मध्ये अमेरिकेत स्थलांतरित झालेले समाजशास्त्रज्ञ रुडोल्फ हेबर्ले यांनी या प्रांताचे गावपातळीवरील मतदान तपासले. त्यांचा ग्रंथ १९४५ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. प्रांताचे तीन पट्टे पडतात : पश्चिमेची सुपीक पाणथळ जमीन, मधला रेताड पट्टा आणि पूर्वेकडील टेकड्यांचा, मोठ्या जमीनदारांचा प्रदेश. सर्वांत निर्धन माणसे पूर्वेकडील जमीनदारांच्या शेतांवर राबणारे मजूर होते. पण तेथे नाझींचा जोर तुलनेने कमीच राहिला. मजुरांमध्ये सोशल डेमोक्रॅट आणि कम्युनिस्ट पक्षांची मुळे रुजलेली होती. नाझींना भरभरून मते मिळाली ती मधल्या पट्ट्यात. तेथे घरची जमीन घरच्यांनीच कसणारा, स्वतःला कोणाचा चाकर न मानणारा शेतकरी राहत होता.

हा शेतकरी मुळात उजवा होता असेही नाही. १९१९ च्या निवडणुकीत याच प्रांतात सोशल डेमोक्रॅट आणि डावे उदारमतवादी यांना मिळून स्पष्ट बहुमत लाभले होते. मग दहा-बारा वर्षांत असे काय घडले?

एक तर कर्ज. वसंत ऋतूत उसनवारीने रोडकी गुरे विकत घ्यायची, कुरणात चारून धष्टपुष्ट करायची आणि शरदात विकायची, हा पश्चिमेकडील व्यवहार होता. भाव कोसळले की व्याज मात्र तेवढेच राही. २८ जानेवारी १९२८ रोजी प्रांतातील निरनिराळ्या गावांत मिळून सुमारे १,४०,००० लोक रस्त्यावर उतरले. पण त्यांचे म्हणणे उचलून धरील असा पक्ष उरला नव्हता. उदारमतवादी विरून गेले होते, जुने राष्ट्रवादी बड्या जमीनदारांचे मानले जात, आणि कर वसूल करणारे प्रशियाचे सरकार सोशल डेमोक्रॅटांच्या नेतृत्वाखाली होते. या पोकळीतून ‘लांडफोल्क’ ही चळवळ उभी राहिली. काळ्या झेंड्यावर पांढरा नांगर आणि लाल तलवार हे तिचे चिन्ह. कर भरू नका, सगळेच पक्ष लबाड आहेत, एवढेच तिचे सांगणे. पुढे बाँबस्फोट झाले, पुढारी तुरुंगात गेले, चळवळ विखुरली. मागे उरला तो संसदीय राजकारणाविषयीचा तिटकारा.

नाझींनी त्या तिटकाऱ्याला पत्ता दिला. त्यांच्या कार्यक्रमातील सतराव्या कलमात सार्वजनिक हितासाठी विनामोबदला जमीन काढून घेण्याची तरतूद होती. एप्रिल १९२८ मध्ये हिटलरने खुलासा केला, की तिचा रोख केवळ जमिनीचा सट्टा करणाऱ्या ज्यू कंपन्यांवर आहे. शेतकऱ्याची जमीन सुरक्षित झाली आणि आरोपीही ठरला. कर्ज तसेच राहिले. बदलले ते कर्जाचे वर्णन.

हान्स फालाडा या लेखकाने ही पोकळी जवळून पाहिली. नॉयम्युन्स्टर येथे १ ऑगस्ट १९२९ रोजी शेतकरी आणि पोलीस यांच्यात चकमक झाली आणि शेतकऱ्यांनी त्या शहरावरच बहिष्कार घातला. फालाडा तेव्हा तेथील एका वृत्तपत्रात जाहिराती मिळवण्याचे आणि बातम्या लिहिण्याचे काम करीत होता. पुढचा खटलाही त्याने न्यायालयात बसून ऐकला. त्यावरून लिहिलेली त्याची कादंबरी १९३१ मध्ये आली. तीत शेतकरी, पुढारी, पत्रकार सगळे आहेत; नाझी मात्र अगदी कडेला. ही कादंबरीची उणीव नसून तिचे मोल आहे, असे आम्हाला वाटते. पुढे कोणीतरी येऊन बसेल अशी रिकामी जागा ती दाखवते.

हा त्या मातीचा गुण म्हणावा, तर २०२२ च्या प्रांतिक निवडणुकीत याच श्लेस्विग-होल्श्टाइनमध्ये अतिउजव्या एएफडी पक्षाला ५ टक्क्यांचा उंबरठा ओलांडता आला नाही आणि विधिमंडळातील जागा गमवाव्या लागल्या. दोनच वर्षांनी थुरिंगियात तोच पक्ष पहिल्या क्रमांकावर आला.

दारिद्र्य स्वतःहून कोणत्याही पक्षाकडे जात नाही. शेजारी कोण उभे आहे आणि ते त्या दुःखाला कोणते नाव देतात, यावर पुष्कळ काही ठरते. नावे देणे हे भाषेचे काम आहे. म्हणूनच हा प्रश्न केवळ अर्थशास्त्राच्या वर्गावर सोडून देता येत नाही.