माळ्यावरच्या ट्रंकेतले आवाज

श्रोतेहो, आपल्या वडनेरकडचा उन्हाळा काय असतो, हे सांगायला नको. पत्र्याखालचा माळा म्हणजे भट्टीच. त्याच माळ्यावरच्या ट्रंकेत जुन्या कॅसेटी, एखादे टेपचे रीळ पडून असते. कुणाच्या आजीच्या ओव्या, कुठे गावचे भजन. उन्हाळ्यात ते तापतात, पावसाळ्यात ओलावतात.

१९२८ साली जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमर याने कागदी पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडची पूड बसवून आवाज साठवला. १९३५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात ‘मॅग्नेटोफोन’ यंत्र लोकांनी पाहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर फीत जगभरच्या नभोवाणीत पोचली. १९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली आणि ध्वनिमुद्रण घराघरांत शिरले.

फितीत आवाज राहतो तो त्या पुडीत. ती पूड प्लास्टिकच्या पट्टीला धरून ठेवतो डिंकासारखा एक थर. १९७०-८०च्या दशकांतील अनेक रिळांचा हा थर हवेतला ओलावा शोषून चिकट झाला. अशी फीत लावली की ती किंचाळते आणि पूड यंत्राला चिकटते. म्हणजे आवाजच खरवडला जातो! यावर उपाय निघाला तो शेकण्याचा. सुमारे ५० ते ५५ अंशांच्या नियंत्रित उष्णतेत फीत कित्येक तास ठेवतात. त्यानंतर ती काही आठवडे वाजते. तेवढ्यात नक्कल करून घ्यायची.

मग आमचा माळाच बरा, असे कुणी म्हणेल. तसे नव्हे. माळ्यावरची उष्णता कमीजास्त होते. शिवाय त्याहून जुनी, अ‍ॅसिटेटची रिळे शेकली तर वाया जातात. ती बिघडू लागली की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. कॅसेटींचे दुखणे आणखी निराळे. बुरशी धरते, किंवा फितीला दाबून धरणारी छोटी गादी निखळते. तेव्हा फीत दुसऱ्या डबीत बसवता येते.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी महाराष्ट्राच्या गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांतल्या काही १९९०च्या दशकात फितीवर मुद्रित झाल्या. पुढे त्या संगणकावर आल्या, म्हणून त्या बायांचे आवाज आज ऐकता येतात.

तेव्हा ट्रंक उघडाल तर कॅसेट लगेच लावून पाहू नका. आधी बुरशी पाहा, वास घ्या. जाणकाराकडून नक्कल करून घ्या, दोन प्रती ठेवा. आणि आवाज कुणाचा, हे आजच लिहून ठेवा. तो ओळखणारी माणसेही आता थोडीच उरली आहेत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)