रहस्यकथेचे पुनर्मुद्रण : केवळ करमणूक की दस्तऐवजही?

मराठी कादंबरीचा जो इतिहास आपण शिकतो आणि शिकवतो, त्यात बाबूराव अर्नाळकरांना (१९०६-१९९६) फार तर एखादे वाक्य मिळते. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. त्यांच्या रहस्यकथांची संख्या हजाराच्या पुढे सांगितली जाते. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही नावे एका पिढीला तोंडपाठ होती. समीक्षेने मात्र या लेखनाकडे पाठ फिरवली.

हा वाचक कोण होता? १९५० मध्ये अंधेरी आणि घाटकोपर, तर १९५७ मध्ये बोरिवली आणि मुलुंड मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले. चाळींतून उपनगरांत सरकलेल्या कुटुंबांबरोबर वाचनाची सवयही सरकली. लोकलचा लांब प्रवास आणि अल्प भाड्याने पुस्तके देणारी वाचनालये यांना आटोपशीर रहस्यकथा सोयीची होती. पण हलक्या कागदावरची ही पुस्तके हातोहात फिरून झिजली. सर्वांनी वाचली म्हणूनच ती कोणी जपली नाहीत.

इंग्लंडमध्ये ब्रिटिश लायब्ररीने २०१२ पासून विस्मृत रहस्यकथा पुन्हा छापायला घेतल्या. जे. जेफरसन फार्जनची १९३७ मधील ‘मिस्टरी इन व्हाइट’ २०१४ मध्ये पुन्हा निघाली आणि धडाक्याने खपली. त्या उपक्रमाला ग्रंथालयातील जपलेल्या प्रतींचा आधार होता. आपल्याकडे प्रकाशकाने ठरावीक ग्रंथालयांना प्रत पाठवण्याचा कायदा १९५४ चा. अर्नाळकर त्याआधीपासून लिहीत होते. तेव्हा शोधाची सुरुवात शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’पासून करावी लागते. तिचे दोन भाग १८०० ते १९५० हा काळ व्यापतात.

मराठीत प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. सतीश भावसार यांनी अर्नाळकरांच्या निवडक कथांचे संपादन केले आहे, त्याचे स्वागतच. भारतीय कायद्यानुसार लेखकाचा स्वामित्वहक्क मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे अर्नाळकरांचे लेखन २०५६ च्या अखेरपर्यंत वारसांच्या संमतीविना छापता येणार नाही. प्रती तोवर टिकतील का, हा खरा प्रश्न आहे.

पुनर्मुद्रण कसे व्हावे, हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे. त्याआधीच्या पुस्तकात ‘नाहीं’, ‘घरांत’ असे अनुस्वार असणारच. नव्या आवृत्तीत ते मुकाट्याने पुसले, तर भाषेच्या इतिहासाचा एक पुरावा नाहीसा होतो. आज खटकणारी वर्णने गाळली, तर समाजाच्या इतिहासाचाही. म्हणून प्रत्येक पुनर्मुद्रणात प्रथम प्रकाशनाचे वर्ष, मूळ प्रकाशक आणि संहितेत केलेल्या बदलांची नोंद असावी, एवढी आमची किमान अपेक्षा आहे. साध्या वाचकाला त्याचा अडथळा होत नाही. अभ्यासकाचे मात्र त्याशिवाय चालत नाही.

वाङ्मयीन दर्जाचा वाद त्यानंतर करता येईल. ज्या पुस्तकांनी हजारो माणसांना मराठी वाचायची गोडी लावली, ती पुस्तके हाताशीच नसतील तर तो वाद ऐकीव माहितीवर होईल. उपनगरांतील वाचनालये जीर्ण पुस्तके रद्दीत काढतात, तेव्हा निदान त्यांची यादी करून ठेवावी. मराठी विभागांतील विद्यार्थ्यांना एका सत्रात पेलेल असे हे काम आहे.