आईची 'पेप्सीकोला' आणि माझी घाई

लहानपणी उरणला शाळेच्या फाटकाबाहेर आम्ही 'पेप्सी' खायचो. हो, खायचोच! बोटभर जाडीच्या लांब प्लास्टिकच्या पिशवीत गोठवलेलं रंगीत गोड पाणी. टोक दातांनी तोडायचं आणि चोखत चोखत घर गाठायचं. त्यात ना गॅस, ना कोला, ना त्या अमेरिकन कंपनीचा संबंध. तरी नाव मात्र पेप्सी.

एम.एस्सी. करून मी मौखिक इतिहासाकडे वळले, तेव्हा सरावासाठी हाच विषय घेतला: आपल्याकडच्या थंड पेयांची नावं. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना सांगण्यासारखी एक चूक मी त्यात केली.

आधी नावांबद्दल थोडं. पेयाला नाव देताना माणसं त्याची एखादीच बाजू पकडतात. इंग्रजीतल्या 'सॉफ्ट ड्रिंक'मध्ये दारू नसणं महत्त्वाचं. आपल्या 'शीतपेय' आणि 'थंडा' या शब्दांत तापमान. गंमत म्हणजे उरण एके काळी ओळखलं जायचं ते मोहाच्या दारूच्या भट्ट्यांसाठी. 1882 च्या ठाणे गॅझेटियरमध्ये त्यांची नोंद आहे. 'गोटी सोडा' या नावात पेय कमी आणि बाटली जास्त. ही बाटली हायरम कॉड या इंग्रजाची, 1870 च्या दशकातली. आतल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब काचेची गोटी वरच्या रबरी कड्यावर घट्ट दाबून धरतो, म्हणून वेगळं बूच लागत नाही. तमिळनाडूत तिला 'गोली सोडा' म्हणतात, दिल्लीत 'बंटा'. तिथेही नाव गोटीचंच! आणि चौथा प्रकार कंपनीच्या नावाचा. अमेरिकेच्या दक्षिणेत कुठल्याही सोड्याला 'कोक' म्हणणारे लोक आहेत. आमची पेप्सी त्याच जातकुळीतली, फक्त गोठलेली.

आता चूक. माझ्या टिपणात मी लिहिलं होतं: पेप्सी भारतात 1990 मध्ये 'लहर पेप्सी' म्हणून आली, म्हणजे पिशवीला हे नाव त्यानंतरच पडलं असणार. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "मी शालेत असताना खाल्लीय की." मी म्हटलं, "शक्यच नाही. तुझ्या लहानपणी पेप्सी नव्हतीच. कोकाकोलासुद्धा 1977 ला निघून गेली होती." मावशी, मामी सगळ्या बसल्या होत्या. आई गप्प झाली. मी टिपणात लिहून टाकलं: 'स्मृतिदोष'.

पुढे दुसऱ्याच कामासाठी वाचताना कळलं की पेप्सी भारतात त्याआधीही येऊन गेली होती. 1956 मध्ये आली आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला धंदा न जमल्यामुळे गेली. म्हणजे ज्या तारखेच्या जोरावर मी आईला खोटं पाडलं, ती पहिली तारीख नव्हतीच.

मग पुन्हा बसले. या वेळी वर्ष विचारलं नाही, 'पेप्सी होती का?' असंही विचारलं नाही. विचारलं, "शाळेबाहेर काय मिळायचं? त्याला काय म्हणायचात?"

"आमी पेप्सीकोलाच बोलायचो, दुसरा काय बोलनार?"

"कितवीत होतीस?"

"सातवीत. गोलीबार झाला तवा. शाला बंद होती, मग उघडल्यावर पयल्या दिवशी घेतलेली."

उरणच्या माणसाला हे वर्ष सांगावं लागत नाही. जानेवारी 1984. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. आईची आठवण या खुंटीला बांधलेली होती, माझी फक्त कंपनीच्या जाहिरातीच्या तारखेला.

यावरून नाव 1984 मध्ये नक्की होतंच, असं सिद्ध होतं का? नाही. नंतर रुजलेला शब्द जुन्या आठवणीवर बसू शकतो. आपण सगळेच असं करतो. 'पेप्सी-कोला' हे कंपनीचं जुनं पूर्ण नाव, हा आईच्या बाजूचा एक धागा. पण पिशवीला आजही तसं म्हणणारे सापडतात, म्हणून तो पुरावा नव्हे. पक्कं करायचं तर 1990 च्या आधी गाव सोडून गेलेल्या आणि नंतर इथली पिशवी न पाहिलेल्या माणसांना विचारावं लागेल. त्यांच्या शब्दावर नंतरचा रंग चढलेला नसतो. विज्ञानाच्या भाषेत, हा आपला नियंत्रण गट.

तुम्ही मुलाखती घेणार असाल तर दोन गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहा. एक, उत्तर प्रश्नात घालू नका आणि साल विचारण्याऐवजी 'तेव्हा गावात काय चाललं होतं?' असं विचारा. दुसरी, 'स्मृतिदोष' लिहिण्याआधी स्वतःची तारीख दोनदा तपासा. दोष बहुतेक वेळा तिथेच असतो.

माझ्या टिपणातला तो शब्द मी खोडला. आईला दाखवलं. ती म्हणाली, "मंग मावशीला पन सांग."