देवापुढे सद्हेतूचे बंड



देव सर्वसमर्थ असेल, तर मनुष्याच्या इच्छेला कितीसा अर्थ उरतो? आणि चांगल्या हेतूने कोणी देवाच्या योजनेविरुद्ध उभा राहिला, तर त्यास पापी म्हणावयाचे की धीरोदात्त? हा प्रश्न बहुतेक सर्व देशांच्या कथांत आढळतो. ग्रीकांचा प्रोमेथ्यूस मानवांसाठी देवांचा अग्नी पळवितो आणि खडकाला जखडला जातो. तरुणांना प्रिय झालेल्या जपानी चित्रकथांतही देवांशी झगडणारी पात्रे असतात. आपल्याकडे कऱ्हेच्या काठी, बारामतीस, एका पुराणिकाने आपली उभी हयात अशाच कथा सांगण्यात वेचिली. ते पुराणिक म्हणजे कविवर्य मोरोपंत.

मोरेश्वर रामजी पराडकर यांचा जन्म १७२९ साली पन्हाळ्यास झाला. तारुण्यात ते बारामतीस आले, बाबूजी नाईकांच्या आश्रयास राहिले आणि १७९४ साली तेथेच निवर्तले. बाबूजी नाईक हे पेशव्यांचे नातलग आणि मोठे सावकार. थोरले बाजीराव वारल्यावर, १७४० साली, पेशवेपद आपणांस मिळावे म्हणून त्यांनी छत्रपती शाहूंकडे खटपट केली होती, ती फसली. ज्या घरी पंत पुराण सांगत, त्या घराला सत्तेशी स्पर्धा करण्याची किंमत ठाऊक होती.

पंतांनी महाभारताची अठराही पर्वे आर्या वृत्तात आणिली. त्या कथेतील उद्योगपर्वाचा एक प्रसंग आपल्या विषयाचा गाभाच होय. शिष्टाई फसल्यावर श्रीकृष्ण कर्णाला एकांती गाठतो. तू कुंतीचा ज्येष्ठ पुत्र आहेस, पांडवांकडे ये, राज्य तुझेच आहे, असे सांगतो. कर्ण नाही म्हणतो. कौरवांचा नाश होणार हे त्याला कळते. तसे तो स्वतःच बोलून दाखवितो. तरीही ज्याने संकटात हात दिला त्या मित्रास सोडावयाचे नाही, हा त्याचा निर्धार ढळत नाही. इतकेच नव्हे, तर माझा जन्म धर्मराजास कळवू नकोस, कळल्यास तो राज्य घेणार नाही, अशी विनंती तो कृष्णालाच करितो.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कृष्ण बळजबरी करीत नाही. विश्वरूप दाखविणारा देव एका सूतपुत्राचा नकार ऐकून घेतो आणि परततो. युद्धाचा शेवट ठरलेला असेल. पण त्या शेवटाकडे कोणत्या बाजूने जावयाचे, हे मनुष्याच्या हाती ठेविलेले आहे. आपल्या परंपरेने इच्छास्वातंत्र्याला दिलेली जागा एवढीच आहे, पण ती खरी आहे.

आता याच्या उलट बिभीषण पाहा. पंतांनी रामकथा एकदा नव्हे, एकशे आठ वेळा निरनिराळ्या तऱ्हांनी रचिली असे मानितात. त्या कथेत बिभीषण सख्ख्या भावास सोडून रामाकडे जातो. कर्णाने निष्ठेसाठी धर्म सोडिला, बिभीषणाने धर्मासाठी निष्ठा सोडिली. हेतू दोघांचाही शुद्ध. मग तारतम्य कशाने ठरवावे? नुसत्या हेतूने ते ठरणार नाही. कर्णाच्या इमानाचे मोल एकट्या कर्णाने दिले नाही. कुरुक्षेत्रावर पडलेल्या अगणित शिपायांनी दिले, आणि त्यांना कोणी विचारलेही नव्हते.

बंडाचा तिसरा एक मार्ग पंतांनी स्वतः चोखाळिला. तो म्हणजे देवाशी तोंडावर वाद घालण्याचा. ‘संशयरत्नमाले’त ते देवापुढे शंकांची माळच मांडितात: इतरांच्या हाकेस धावलास, मग माझ्याच हाकेस का येत नाहीस? मयूर हे कवीचे नाव आणि केका म्हणजे मोराची आर्त हाक. म्हणून उतारवयातील त्यांच्या विनवणीचे नाव ‘केकावली’. या विनवणीत दैन्य आहे, तसा वकिली युक्तिवादही आहे. पतितांना उद्धरणारा असे देवाचे ब्रीद असेल, तर त्या ब्रीदाने देवही बांधला गेला, असा त्याचा रोख. प्रोमेथ्यूसाने चोरून घेतले. आमच्या भक्ताने हक्काने मागितले.

तथापि पंतांचा हा तंटा स्वतःच्या उद्धारापुरता होता, आणि देवळाचे दार त्यांना उघडे होते, हे विसरता येत नाही. तुकोबांची पालखी आषाढात बारामतीवरून, पुढे इंदापुरावरून पंढरपुरास जाते. त्या वाटेच्या टोकाला, चौदाव्या शतकात, चोखामेळा महाद्वाराबाहेर उभा होता. त्याची तक्रारही देवापाशीच होती. पण ती आत येऊ न दिलेल्या माणसाची होती. तिला उत्तर मिळावयास सहा शतके लागली. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरास प्राणांतिक उपोषण आरंभिले आणि विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानिलेल्या बांधवांस खुले करण्याचे मान्य झाल्यावर, सुमारे दहा दिवसांनी, ते सोडिले. सनातन्यांच्या मते हे धर्माविरुद्ध बंड होते. गुरुजींच्या मते ती देवाचीच इच्छा होती, आणि तिच्या आड देवाचे द्वारपाल आले होते.

कर्ण, पंत आणि गुरुजी यांना एका पंक्तीस बसविले म्हणजे सद्हेतूच्या बंडाची कसोटी हाती येते. बंडखोराचे मन निर्मळ आहे काय, हा प्रश्न दुय्यम. कारण आपले मन मळलेले आहे असे कोणता बंडखोर म्हणेल? बंडाची किंमत तो कोणाकडून वसूल करितो, आणि त्याचे फळ कोणाच्या पदरात पडते, हे दोन प्रश्न मुख्य होत. कर्णाने किंमत इतरांवर लादिली. पंतांनी कोणावरच लादिली नाही, पण फळही आपल्यापुरतेच मागितले. गुरुजींनी आपला देह पणास लाविला आणि फळ दाराबाहेर ताटकळलेल्यांस दिले. नकार ऐकून घेणारा देव ज्या समाजाने पूजिला, त्याने अशा बंडाचे भय बाळगावयाचे कारण नाही.